दुसऱ्याचे ड्रम लावून द्यायला गेलो, तर मी हरलो का?

सांगलीहून एका २६ वर्षांच्या वाचकाचं चार पानी पत्र आलं आहे. त्याच्या विनंतीवरून ओळख पटेल असा तपशील गाळून सारांश देते.

मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला आहे. कुपवाड एमआयडीसीत वडिलांचं छोटं मशीन शॉप आहे, तिथे साखर कारखान्यांचे सुटे भाग बनतात. हाही तिथेच काम करतो. अकरावीपासून ड्रम वाजवतो. कॉलेजात चौघांनी मिळून रॉक बँड काढला, पुण्या-कोल्हापूरच्या कॉलेज फेस्टिव्हलमध्ये वाजवलं. मग एक जण बेंगळुरूला गेला, एक दुबईला, आणि गेल्या दीड वर्षात चौघं एकदाही एकत्र आलेले नाहीत. लग्नसराईत आणि गणपतीत तो ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅडच्या (काठीनं वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडच्या) सुपाऱ्या घेतो. आता मुंबईच्या एका नावाजलेल्या बँडकडून विचारणा आली आहे. ड्रमर म्हणून नव्हे, ड्रम टेक्निशियन म्हणून, म्हणजे वादकाचे ड्रम लावून द्यायला आणि सांभाळायला, ऑक्टोबर ते मार्च असा अख्खा हंगाम. जुना बँडमित्र म्हणाला, "म्हणजे हमाली." वडील म्हणाले, "दुसऱ्याची वाद्यं पुसायला मुंबईला जायचं होतं, तर डिप्लोमा कशाला केलास?" तो विचारतो, "ताई, हो म्हटलं तर ड्रमर म्हणून मी हरलो, असं मीच कबूल केल्यासारखं होईल का? आणि नाही म्हटलं तर सांगलीत सडत बसेन का? सव्वीस झालं वय. आता नाही तर कधीच नाही. गणपती गेल्यावर त्यांना उत्तर द्यायचं आहे."

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन वाचलं, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. चार पानांत स्टेजवर वाजवण्याबद्दल तू सात ओळी लिहिल्या आहेस आणि २०१९ च्या महापुराबद्दल दीड पान.

त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा तुमचा ड्रमसेट गावभागातल्या मित्राच्या तळमजल्यावर होता. पाणी उतरल्यावर तू चिखलातून एकेक ड्रम बाहेर काढलास. बास ड्रमच्या प्लायचे थर पाणी पिऊन सुटले होते, तो गेला. दोन टॉम (सेटमधले मधल्या आकाराचे ड्रम) आणि धातूचा स्नेअर (खाली तारा ताणलेला, कडक ठोक्याचा ड्रम) वाचेल असं तुला वाटलं. सगळं सुटं करून, लाकूड उन्हात पिळवटेल म्हणून सावलीत तीन आठवडे वाळवलंस. गंजलेले नट-बोल्ट रॉकेलमध्ये भिजत घातलेस. जाड काचेवर सँडपेपर चिकटवून त्यावर टॉमच्या कडा फिरवत राहिलास, कारण कड जराशी जरी वरखाली असली तरी हेड, म्हणजे ड्रमवर ताणलेला पडदा, सगळीकडे सारखं टेकत नाही आणि मग कितीही पिळलं तरी सूर लागत नाही. हेड ताणून धरणारा टेन्शन रॉड तर एकही शाबूत नव्हता आणि बाजारातला बोल्ट बसेना. तेव्हा (हे वाक्य मी दोनदा अधोरेखित केलं) "पप्पांनी थ्रेड गेज लावून बघितलं आणि म्हणाले, हे मिलिमीटरचे आटे नाहीत, इंची आहेत. मग आम्ही दोघांनी लेथवर बारा रॉड काढले."

पूर आला तेव्हा तू वीस वर्षांचा होतास. हे काम तुला कुणी सांगितलं नव्हतं, त्याचे पैसे मिळणार नव्हते. सहा वर्षांनंतरही सँडपेपर कुठल्या नंबरचा होता ते तुला आठवतं. पण त्याच पत्रात ज्या कार्यक्रमात शेकडो मुलं नाचली म्हणतोस, त्याबद्दल "मजा आली" एवढंच आहे.

यावरून लगेच निकाल लावू नकोस, मीही लावत नाही. स्टेजवरचा आनंद शब्दांत सापडत नाही, हेही खरं असू शकतं. पण तुझ्या प्रश्नात एक गोष्ट तू आधीच पक्की धरली आहेस, की ड्रमर वर आणि टेक्निशियन त्याच्या खाली, आणि वर जाता न आलेला माणूस खाली उतरतो. ही उतरंड तुला कुणी शिकवली?

सांगलीहून मिरज किती लांब आहे? बसनं अर्धा तास. मी मिरजेत वाढले. सतारमेकरांच्या दुकानासमोरून शाळेत जायचे. दुकानाच्या दारात बसलेला कारागीर तानपुऱ्याच्या घोडीवर कानस फिरवायचा, तार छेडायचा, पुन्हा दोन हात कानस, पुन्हा तार. जवारी काढायचं काम ते. तासभर मला काहीच फरक कळायचा नाही, आणि मग एकदम तार बोलायला लागायची. त्या माणसानं आयुष्यात मैफल केली नसेल. पण देशभरातले गवय्ये तानपुरा घेऊन मिरजेला येत आले ते त्या कानासाठी. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. 'तुम्हाला गाता आलं नाही म्हणून तुम्ही तानपुरे करता ना?' असं त्या कारागिराला विचारायची हिंमत तुला होईल का? मग स्वतःला का विचारतोस?

रॉकमध्येही हेच आहे, फक्त आपल्याकडे ते दिसत नाही, कारण आपण कार्यक्रम समोरून बघतो. रश या कॅनडाच्या बँडचा ड्रमर नील पर्ट तुला माहीत असणारच. त्याच्या मागे उभा राहणारा लॉर्न व्हीटन हा टेक्निशियन ड्रमवाल्यांच्या जगात स्वतःच्या नावानं ओळखला जातो. लॉस एंजेलिसच्या रॉस गारफील्डला तर लोक 'ड्रम डॉक्टर' म्हणूनच ओळखतात. रेकॉर्डिंगआधी स्टुडिओत जाऊन ड्रम मिळवून देणं हा त्याचा धंदा. वाजवणारा दुसरा असतो, पण रेकॉर्डवर जो ठोका ऐकू येतो त्यात त्याचा कान असतो.

आता 'हमाली'. हा शब्द तुझ्या मित्रानं शिवीसारखा वापरला आणि तूही पुढे दोनदा तसाच लिहिलास. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती पाठीवर घेणारी माणसं तू रोज बघतोस. त्यांच्या कामाचं नाव घेऊन कुणी कुणाला कमी लेखावं, हे मला पटत नाही. आणि हो, या नोकरीत उचलाउचल आहे. लोखंडी स्टँडच्या पेट्या पहाटे दोनला ट्रकमध्ये चढवाव्या लागतात. ते लपवून ठेवून तू गेलास तर पहिल्याच आठवड्यात निराश होशील, म्हणून स्पष्ट लिहिते. पण दिवसभरातलं बाकीचं काम काय असतं, ते तुझ्या मित्राला माहीत नसावं. कदाचित तुझ्या वडिलांनाही नसेल, म्हणून हा भाग त्यांना वाचून दाखव.

दुपारी ट्रक येतो. आधी गालिचा अंथरायचा. ड्रमचे आणि स्टँडचे पाय कुठे येतात त्याच्या खुणा त्यावर टेपनं आधीच केलेल्या असतात, म्हणजे रोज नव्या गावात तोच सेट त्याच जागी, तेवढ्याच उंचीवर उभा राहतो. वादक डोळे मिटून हात टाकतो तेव्हा झांज तिथेच असली पाहिजे, दोन इंच सरकलेली चालत नाही. मग हेड तपासायची. स्नेअरचं हेड सगळ्यात जास्त मार खातं, मोठ्या दौऱ्यांत ते वारंवार बदलतात. नवं हेड बसवलं की सगळे रॉड आधी बोटांनी आवळायचे, मग चावीनं समोरासमोरचे थोडे थोडे. प्रत्येक रॉडपासून इंचभर आत टिचकी मारत सूर सारखा करत जायचं. तबलजी हातोडी घेऊन सोळा घरं एका सुरात आणतो, अगदी तसंच. मग लाइन चेक, म्हणजे एकेका ड्रमचा आवाज साउंडवर तपासून घेणं. साउंड इंजिनिअर म्हणतो 'किक', की तू किक (पायानं वाजवायचा बास ड्रम) वाजवायची, तो थांब म्हणेपर्यंत, एकाच जोरानं. मग स्नेअर, हायहॅट (पायानं मिटणाऱ्या जोडझांजा), एकेक टॉम. म्हणजे ज्याला वाजवता येत नाही त्याला हे काम करताच येत नाही. आणि कार्यक्रम सुरू झाला की सेटच्या मागे अंधारात टॉर्च घेऊन बसायचं. बाजूला सुरात लावलेला दुसरा स्नेअर तयार, दुसरा पेडल तयार. गाण्याच्या मध्यात हेड फाटलं तर पुढच्या कडव्याच्या आत ड्रम बदललेला हवा. प्रेक्षकांना कळलंच नाही, तर काम चोख झालं.

तुझ्या वडिलांना कारखान्यात क्रशिंग चालू असताना शाफ्ट गेला की रात्री-अपरात्री फोन येतो, असं तू लिहिलंस. ते उठतात, जातात, मिल पुन्हा फिरते. दोन्ही कामांत मला फार फरक दिसत नाही.

हे वाचून तू 'ठरलं, जातो' असं म्हणत असशील तर थांब, कारण दुसरी बाजूही सांगायची आहे. पत्राच्या शेवटी तू लिहितोस, "एकदा आत शिरलो की कधीतरी वाजवायची संधी मिळेलच." ही आशा मनात धरून जाऊ नकोस.

२००४ साली इंग्लंडमधल्या डाउनलोड महोत्सवात मेटॅलिका या रॉक बँडचा ड्रमर लार्स उलरिक ऐनवेळी आजारी पडला. दुसऱ्या बँडांतले दोन नामांकित ड्रमर मदतीला धावले, डेव्ह लोम्बार्डो आणि जोई जॉर्डिसन, आणि एक गाणं वाजवलं लार्सच्या स्वतःच्या टेक्निशियननं, फ्लेमिंग लार्सन यांनी. ही गोष्ट ड्रम शिकणाऱ्या पोरांमध्ये परीकथेसारखी सांगितली जाते. मला तिच्यातलं दुसरंच महत्त्वाचं वाटतं. गाणं संपल्यावर लार्सन टेक्निशियनच राहिले. ती त्यांची परीक्षा नव्हती आणि बढतीही नव्हती. वेळ आली, हात तयार होता, त्यांनी वाजवलं. ही वेळ येईल म्हणून जो माणूस रोज स्टेजमागे बसतो, तो हळूहळू समोरच्या वादकाच्या आजारपणाची वाट बघू लागतो. तसा माणूस कुठलाच वादक जवळ ठेवत नाही, आणि तो स्वतःही सुखी नसतो.

म्हणून लाइन चेकला उभा राहशील तेव्हा इंजिनिअरनं मागितलं तेवढंच वाजव. रिकाम्या मैदानात आपले रोल (झपाट्यानं सलग वाजवलेले ठोके) ऐकवायचा मोह होईल, तो आवर. या धंद्यातली माणसं नव्या मुलाची पारख इथेच करतात.

स्वतःला विचारायचा प्रश्न माझ्या मते एवढाच आहे : दुसरा माणूस उत्तम वाजवत असताना, त्याचा ड्रम तू लावून दिलेला असताना, बाजूला उभं राहून तुला काय वाटतं? समाधान वाटतं, की पोटात आग पडते? दोन्ही भावना प्रामाणिक आहेत, पण त्या वेगवेगळ्या रस्त्यांना जातात. घरी बसून हे कळणार नाही. गणपतीचे दिवस आहेतच. तुझ्या ऑर्केस्ट्राच्या ओळखीतला जो कुणी खरे ड्रम वाजवतो, त्याला म्हण, एका कार्यक्रमाला तुझा सेट मी लावून देतो, तू फक्त बस आणि वाजव. हेड बदल, सूर लाव, आणि कार्यक्रम सुरू झाला की स्टेजपासून लांब, अगदी शेवटच्या रांगेच्या मागे जाऊन ऐक. जवळून जो स्नेअर घंटेसारखा घणघणतो आणि ज्यावर आपण घाईनं टेप चिकटवतो, तो तिथे पोचेपर्यंत स्वच्छ ठोका होतो, आणि जवळून गोड वाटलेला टॉम मेलेला असतो. हा शोध लागताना तुला आनंद झाला, तर तो आनंद लक्षात ठेव. त्या सगळ्या वेळात 'हा रोल मी याच्यापेक्षा चांगला घेतला असता' एवढंच मनात येत राहिलं, तर तेही लक्षात ठेव.

शक्य असेल तर मुंबईच्या लोकांनाही सांग की आधी दोन-तीन कार्यक्रम येतो, मग हंगामाचं बोलू. चांगला मॅनेजर याला नाही म्हणत नाही. त्यालाही तुझी पारख करायचीच असते.

आणि पोटात आग पडली तर? तर खुशाल नाही म्हण. पण मग नुसतं नाही म्हणून चालणार नाही. बँड उभा राहण्याची वाट बघत दीड वर्षं गेलं, आणखी दीड तसंच जाईल. वादकच व्हायचं असेल तर दुसऱ्यांच्या गाण्यात बसता आलं पाहिजे. कानात क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) घेऊन संथ लयीत न ढळता वाजवणं (द्रुतपेक्षा हे कितीतरी अवघड आहे, तुला माहीत आहे), लिहिलेला चार्ट वाचून पहिल्या प्रयत्नात वाजवणं, आणि फक्त रॉक न वाजवणं. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या रॉक अँड पॉप परीक्षांमध्ये ड्रमला आठव्या ग्रेडपर्यंत इयत्ता आहेत. प्रमाणपत्रासाठी नव्हे, पण शिस्त लागावी म्हणून त्या देण्यासारख्या आहेत, आणि पुढे सांगलीत मुलांना शिकवायचं झालं तर पालक ग्रेड विचारतातच. ऑक्टोपॅडच्या सुपाऱ्यांना तू "तडजोड" म्हटलं आहेस. त्या सुपाऱ्यांमध्ये तुला रोज तीस गाणी, वेगवेगळ्या लयी आणि न सांगता सूर बदलणारे गायक मिळतात. एवढा सराव तुझ्या बँडनं तुला कधी दिला नव्हता.

ऑक्टोपॅडवरून माझ्या मामाची आठवण झाली, थोडं विषयांतर करते. मामा ऐंशीच्या दशकात ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचा. जत्रांचा हंगाम सुरू झाला की आठवडा आठवडा घरी नसायचा. १९८५ मध्ये रोलंड कंपनीनं तो आठ पॅडांचा चौकोन बाजारात आणला, आणि काही वर्षांत आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांना टेम्पोभर ड्रमसेट नकोसा झाला. एका बॅगेत मावणारं यंत्र आलं होतं. मामाला ते वाजवायचं नव्हतं. त्यानं सेट विकला, किराणा दुकान टाकलं आणि पुन्हा कधी स्टिक हातात धरली नाही. त्याचा कान इतका तयार होता की पलीकडच्या गल्लीतल्या भजनात मृदंग उतरलेला त्याला घरात बसून कळायचा. पण मधल्या खुर्चीवर बसायला मिळत नसेल तर आपण संगीतातले कुणीच नाही, असं त्यानं धरलं होतं. मृदंग लावून द्यायला तो कधी गेला नाही. मागे वळून बघताना मला त्या सेटपेक्षा त्या कानाचं जास्त वाईट वाटतं.

वयाचं दडपण मात्र बाजूला ठेव. रोलिंग स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स २०१९ मध्ये, ७८ व्या वर्षी, बँडबरोबर स्टेजवर होता. नील पर्ट वीस वर्षं जगभर गाजल्यानंतर, नव्वदच्या दशकात, फ्रेडी ग्रूबर नावाच्या शिक्षकाकडे विद्यार्थी म्हणून गेला आणि आपली स्टिक धरायची पद्धत बदलून आला. सव्वीस हे काही दार बंद होण्याचं वय नव्हे. एक हंगाम जाऊन आलास आणि आवडलं नाही, तर एप्रिलमध्ये तू सत्तावीसचाही नसशील.

वय फिरवून आणता येत नाही हे खरं आहे ते फक्त एका बाबतीत, कानाच्या. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचा कामगारांच्या आरोग्यासाठीचा हिशेब सांगते. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. सेटच्या मागे बसणारा माणूस यापेक्षा कितीतरी जास्त वेळ त्या आवाजात असतो. गेलेलं ऐकणं परत येत नाही, आणि कानात सुरू झालेली शीळ कित्येकांची आयुष्यभर थांबत नाही. टेक्निशियनचं भांडवल कान हेच आहे. पहिल्या मानधनातून चांगले इअरप्लग घे. कापसाचे बोळे चालत नाहीत. आणि निघायच्या आधी कानाच्या डॉक्टरांकडे एकदा ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून कागद घरी ठेव. शॉपमध्ये ग्राइंडरजवळ उभं राहतानाही प्लग वापर, आणि वडिलांनाही लावायला सांग.

आता वडील. तू लिहिलंस, "त्यांना कलेतलं काही कळत नाही." मला हे पटलं नाही. ज्या माणसानं गंजक्या रॉडवर गेज लावून आटे ओळखले आणि पोराच्या ड्रमसाठी लेथवर बारा रॉड काढले, त्याला बरंच कळतं. ते रागावले असतील तर मला त्यात दोन साध्या चिंता दिसतात. शॉप कोण बघणार, आणि हे काम किती दिवस टिकणार.

पहिल्या चिंतेचं उत्तर तुझ्याच पत्रात आहे. कारखाने बंद असतात तेव्हा, उन्हाळा ते पावसाळा, ओव्हरहॉलिंगची कामं येतात आणि शॉपवर रात्रंदिवस गर्दी असते, गाळप सुरू झालं की अडल्यानडल्याची कामं तेवढी राहतात, असं तू म्हणतोस. कार्यक्रमांचा हंगाम बघ. पावसाळा संपला की उघड्यावरचे कार्यक्रम सुरू होतात आणि परीक्षा जवळ आल्या की ओसरतात. पुण्या-मुंबईचा ऑक्टोबर ते मार्च आणि कुपवाडचा एप्रिल ते सप्टेंबर एकमेकांत बसतात. गाळपाच्या दिवसांतल्या तातडीच्या कामांसाठी सहा महिने एक टर्नर ठेवावा लागेल. त्याचा पगार तुझ्या मानधनातून द्यायची तयारी असेल, तर ते आकडे कागदावर मांडून वडिलांसमोर बस. "मला माझं स्वप्न जगू द्या" अशी सुरुवात करू नकोस. तुझा तो जुना किक पेडल, ज्याचं बेअरिंग खडखडतं म्हणून लिहिलंस, तो शॉपमध्ये घेऊन जा, त्यांच्यासमोर खोल आणि विचार की हे बेअरिंग बदलता येईल का. बोलणं तिथून सुरू होऊ दे.

दुसऱ्या चिंतेचं उत्तर मुंबईहून यायला हवं, आणि ते तू मागायला हवंस. हे तुझ्यासारख्या सगळ्यांसाठी लिहिते. साउंडवर जाणारी, लाइटवर जाणारी, नाटकाच्या नेपथ्याबरोबर फिरणारी मुलं-मुली मला पत्रं पाठवतात, आणि त्यांतली निम्मी पैसे न मिळाल्याची असतात. पैसे महिन्याला की कार्यक्रमामागे? कार्यक्रम रद्द झाला तर काय? दोन कार्यक्रमांमधले रिकामे दिवस मुंबईत कुणाच्या खर्चानं काढायचे? प्रवास, जेवण, राहणं कुणाकडे? रात्री कार्यक्रम संपवून लगेच गाडीनं पुढच्या गावाला निघायचं असेल तर पुरेशी झोप झालेला चालक कोण देणार? पेटी पायावर पडली तर दवाखान्याचं कोण बघणार, विमा आहे का? आणि झांज तडकली तर ती तुझ्या पैशातून कापणार का? हे सगळं विचारायला लाजू नकोस. करारपत्र होत नसेल तर निदान ई-मेलवर लिहून घे. जो माणूस "अरे, आपण घरचेच आहोत" म्हणून लिहून द्यायचं टाळतो, त्याच्याकडे इसार घेतल्याशिवाय जाऊ नकोस. आणि जाण्याआधी तीन महिन्यांचा स्वतःचा खर्च बाजूला ठेव, म्हणजे अपमान सहन करत राहायची वेळ आली तर उठून घरी येता येईल.

गेलास तर एक वही ठेव. कुठल्या ड्रमला कुठलं हेड, रॉड किती आवळले, हवा दमट होती की कोरडी, सभागृह की मैदान, वादक त्या दिवशी काय म्हणाला. मोबाइलमध्ये फोटो काढशीलच, पण हातानं लिहिलेलं डोक्यात बसतं. सहा महिन्यांनी ती वही तुझी खरी कमाई असेल. आणि बॅगेत प्रॅक्टिस पॅड हवाच. दिवसाला चाळीस मिनिटं, हॉटेलच्या खोलीत, गाडी थांबेल तिथे. हात सुटू द्यायचे नाहीत, मग पुढे काहीही ठरो.

मला विचारशील तर, पोटात आग पडली नाही तर, तू जावंस असं मला वाटतं. एका हंगामासाठी, परतीची तारीख ठरवून. सांगलीत राहून सडशील या भीतीनं मात्र जाऊ नकोस. याच गावात १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं, आणि शेजारच्या मिरजेत आजही तारेला आवाज देणारे हात आहेत. ड्रमसेट दुरुस्त करून, लावून देणारं एखादं दुकान पुढेमागे इथे निघालं, तर कोल्हापूरपासून सोलापूरपर्यंतच्या ऑर्केस्ट्रांना आणि कॉलेजच्या बँडांना ते हवंच आहे. पण ते पुढचं.

मार्च संपल्यावर, गेला असलास किंवा नसलास तरी, मला पुन्हा चार पानी पत्र लिही. पेन्सिल तयार ठेवते. कशाबद्दल किती ओळी येतात ते मोजून कळवीन.

तुझी,
ताई